मदत हवी आहे: आंघोळीच्या पाण्यात मीठ कोणते आणि किती घालावे?

नमस्कार. माझ्या सासूबाईंच्या नडग्यांवरची त्वचा फार कोरडी पडते, रात्री खाज सुटते आणि संध्याकाळपर्यंत पावले ठणकू लागतात. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले मलम चालू आहेच. त्याच्या जोडीला खनिज मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसावे किंवा कधीतरी टबमध्ये मीठ घालून आंघोळ करावी, असे त्यांच्या मनात आहे. त्यांना मधुमेह आहे आणि त्यासाठी गोळ्या चालू आहेत.

आतापर्यंत वाचनातून मला एवढे समजले आहे की एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट असून त्याच्या वजनाचा साधारण दहावा भाग मॅग्नेशियमचा असतो. सैंधव बहुतांशी सोडियम क्लोराइडच असते आणि त्याचा गुलाबी रंग लोहाच्या अंशामुळे येतो. तर मृत समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांची क्लोराइडे अधिक असून सोडियम क्लोराइड तुलनेने कमी असते. सैंधवाच्या पाकिटावर डझनावारी खनिजांची यादी छापलेली असते खरी, परंतु ती इतक्या सूक्ष्म प्रमाणात असतात की टबभर पाण्यात विरघळल्यावर त्यांचा काय उपयोग होणार, याबद्दल मला शंकाच वाटते.

माझा खरा गोंधळ प्रमाणाचा आहे. कोरड्या, अॅटोपिक (म्हणजे अॅलर्जीच्या प्रवृत्तीमुळे सहज खाज व लाली येणाऱ्या) त्वचेच्या व्यक्तींवर जर्मनीत झालेला एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एक हात मृत समुद्राच्या मिठाच्या ५ टक्के द्रावणात आणि दुसरा साध्या नळाच्या पाण्यात १५ मिनिटे बुडवून ठेवत असत. मिठाच्या पाण्यातील हाताची त्वचा ओलावा अधिक चांगला धरून ठेवू लागली आणि तिचा खरखरीतपणा व लाली कमी झाली. आता ५ टक्के म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. या हिशेबाने १०० लिटरच्या टबमध्ये पाच किलो मीठ घालावे लागेल, आणि घरगुती सल्ला मात्र सर्वत्र ‘टबला दोन कप’ असा असतो, म्हणजे जेमतेम अर्धा टक्का. दहापटींचा हा फरक असताना त्या अभ्यासाचा दाखला दोन कपांसाठी कसा देता येतो, हे मला उमगत नाही. शिवाय ‘मूठभर’, ‘चार चमचे’ असे सांगणारे पाणी किती घ्यायचे ते सांगतच नाहीत.

तेव्हा पावलांसाठी पाच लिटर पाणी धरल्यास कोणते मीठ किती घ्यावे, त्यात खाण्याचा सोडा मिसळावा का आणि नंतर साबण लावावा का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

आपण मधुमेहाचा उल्लेख ओघात केला आहे, परंतु माझ्या मते निर्णय तिथूनच सुरू व्हायला हवा. मधुमेहात पावलांची संवेदना हळूहळू मंदावू शकते. पाणी अधिक गरम असल्याचे किंवा बोटांच्या बेचक्यात चीर पडल्याचे रुग्णाला जाणवत नाही. पाय फार वेळ भिजवल्याने त्वचा आधी मऊ पडते आणि मग अधिकच कोरडी होऊन भेगाळते, म्हणून मधुमेही व्यक्तींनी पाय भिजत ठेवू नयेत, असाच सल्ला सर्वसाधारणपणे दिला जातो. तेव्हा मीठ कोणतेही असो, पावलांची संवेदना डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय आणि त्यांनी संमती दिल्याशिवाय बादलीचा बेत करू नये.

प्रमाणाविषयीची आपली शंका रास्त आहे. दोन कपांना त्या अभ्यासाचा आधार मिळत नाही. त्यातून तो अभ्यास मृत समुद्राच्या मिठाचा आहे, एप्समचा नव्हे. त्वचेवाटे मॅग्नेशियम शरीरात शोषले जाऊन स्नायूंना आराम पडतो, या समजुतीलाही भक्कम पुरावा नाही. कोमट पाण्यात शांत बसल्याने बरे वाटते आणि श्रेय मिठाला जाते. पाच लिटरला ५० ग्रॅम साधे मीठ घातले तर एक टक्का होतो, जो शरीरातील द्रवांच्या खारटपणाच्या जवळपास असल्यामुळे चिडलेल्या त्वचेला साध्या पाण्यापेक्षा कमी झोंबतो. घरात निरोगी पायांच्या कोणाला हौस असेल, तर त्यांनी तिथून सुरुवात करावी. चमच्याऐवजी वजनकाटा वापरावा, कारण जाडे खडे आणि बारीक पूड यांचा एक कप सारख्या वजनाचा भरत नाही.

एप्सममुळे पाणी जड होते, त्यामुळे त्याच पाण्यात साबणाचा फेस न होता पांढरट साका बसतो. साबण लावायचाच तर आधी लावून धुऊन टाकावा. खाण्याचा सोडा वगळावा असे मी म्हणेन: निरोगी त्वचा किंचित आम्लधर्मी असते आणि सोड्याचे पाणी अल्कधर्मी, त्यामुळे कोरड्या त्वचेवर त्याचा ताणच पडतो. धुण्याचा सोडा तर बराच तीव्र असतो. डबे शेजारी ठेवू नयेत. ‘नैसर्गिक खनिज’ म्हणून टाकणखार सुचवणारेही भेटतात, त्यांचे ऐकू नये.

प्रतिसाद २

वरील मजकुराशी सहमत. एक भर घालतो: मूत्रपिंडाचा विकार असल्यास एप्सम मिठाबाबत डॉक्टरांना आधी विचारावे. घरात लहान मुले असतील तर ते पाणी उघडे ठेवू नये, कारण पोटात गेल्यास एप्सम मीठ जोरदार रेचक ठरते.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. पावलांचा बेत तूर्त थांबवला आहे आणि पुढच्या तपासणीत संवेदनेची चाचणी करून घेऊ. नडग्यांपुरता प्रश्न मात्र उरतो: एक टक्का मिठाच्या कोमट पाण्यात भिजवलेले मऊ सुती कापड दहा मिनिटे नडगीवर ठेवून, नंतर साध्या पाण्याने पुसून, त्वचा ओलसर असतानाच मलम लावले तर चालेल का? भेगा असलेली जागा अर्थातच सोडून देऊ.