जर्मनीतली इंटर्नशिप: आधी पत्ता नोंदव
ऑफिसातले लोक तुटक वागतात असं तू लिहिलंयस. अरे, त्यांना काम उरकून वेळेत घरी जायचं असतं, एवढंच. थेट विचारलंस तर नीट सांगतात. त्यापेक्षा आनमेल्डुंगचं, म्हणजे पत्त्याच्या नोंदणीचं बघ. राहायला गेल्यापासून २ आठवड्यांत ती करायची असते. त्यासाठी घरमालकाचा दाखला लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. पुढे टॅक्स आयडी, म्हणजे तुझा कर ओळख क्रमांक, पोस्टाने येतो, म्हणून लेटरबॉक्सवर तुझं नाव चिकटव, नाहीतर पत्र सरळ परत जातं! रविवारी बहुतेक दुकानं बंद, किराणा शनिवारीच भर. आणि पाण्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्या फेकू नकोस, सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये टाकल्यास की बाटलीमागे सहसा २५ सेंट परत मिळतात.