थंडीत सकाळी पहिल्या सेल्फला गाडी मिसिंग मारते, पण रोज नाही

रावेरची_केळी:
राम राम मंडळी. गाडी २०१५ ची, पेट्रोल, १.२ लिटर चार सिलिंडर, लाखाच्या आतच चालली आहे. सकाळी पहिला सेल्फ मारला की लगेच चालू होते पण एक सिलिंडर बंद असल्यासारखी थडथड करते, स्टेअरिंगपर्यंत हादरे येतात, इंजिन लाईट लुकलुकते, आणि अर्ध्या-पाऊण मिनिटात आपोआप सुरळीत. मग दिवसभर काही म्हणजे काही नाही, पिकअप ठीक, अॅव्हरेज ठीक. आणि हे रोज होत नाही हाच खरा ताप आहे. दोन-तीन दिवस चांगली जाते मग एखाद्या सकाळी परत तेच. गॅरेजला नेईपर्यंत गाडी गरम झालेली असते, तिथं काहीच दिसत नाही. स्कॅनर लावला तर पी०३०३ कोड निघाला, एकदा पी०३०० (मिसिंग आहे पण ठरावीक एका सिलिंडरची नाही) पण होता. चारही प्लग नवीन टाकले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक नाही. आता म्हणतात चारही कॉइल (प्लगला ठिणगीचा करंट देणाऱ्या) बदलू, नाही झालं तर इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे). असं एकेक करत किती पैसे घालायचे? कूलंटची बाटली मधूनमधून जरा खाली जाते, तेवढं भरतो, बाकी खाली जमिनीवर कुठं गळती नाही. कोणाला असा अनुभव असेल तर सांगा, घरच्यांना सकाळी दवाखान्यात न्यायचं असतं, गाडीवर भरवसा पाहिजे.

यावल_शिवार:
गाडी रात्री उघड्यावर लावता का भाऊ? आमच्याकडं मळ्यात लावलेल्या गाडीचं वायरिंग उंदरांनी कुरतडलं होतं, तिसऱ्या इंजेक्टरची वायर अर्धी तुटलेली, दंव पडलं की मिसिंग आणि ऊन लागलं की ठीक. बोनेट उघडून लेंड्या, कुरतडलेला कपडा-कागद काही दिसतं का बघा आधी, त्याला पैसा लागत नाही. कॉइलच्या रबरी बुटाला तडा असला तरी ओलाव्यात स्पार्क बाजूला उडतो. रात्री अंधारात गाडी चालू करून कॉइलच्या आजूबाजूला स्प्रेनं अगदी बारीक पाणी मारा, ठिणगी दिसली तर कळेल. हात लांब ठेवा फक्त.

पाचोरा_सीएनजी:
माझी सीएनजी आहे, चालू पेट्रोलवर होते मग गॅसवर जाते. टाकीत महिनोन् महिने तेच पेट्रोल पडून होतं, आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि ते पाणी ओढतं, त्यामुळं चालू करताना मिसिंग आणि गॅसवर गेली की मस्त. तुमची पेट्रोलच आहे म्हणजे हे लागू नाही, पण दुसरं कोणी वाचत असेल तर आधी टाकी बघा.

भुसावळ_मिस्तरी:
भाऊ, कॉइल बदलू नका अजून. पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरमध्ये जाळ होत नाही एवढंच कळतं, का होत नाही हे कोड सांगत नाही. फुकटची टेस्ट आहे, तिसऱ्याची कॉइल काढून पहिल्यावर लावा आणि पहिल्याची तिसऱ्यावर, कोड पुसा, आणि वाट बघा. पुढच्या वेळी पी०३०१ आला तर कॉइल गेली, पी०३०३ च राहिला तर कॉइल निर्दोष. प्लगचं पण तसंच करा.

दुसरं, सकाळी सेल्फ मारायच्या आधी चावी ऑनला आणून पंपाचा आवाज थांबू द्या, बंद करा, परत ऑन, असं दोन-तीनदा करून मग सेल्फ मारा. रात्रभरात पेट्रोलचं प्रेशर उतरत असेल तर त्यानं फरक पडेल. तरी मिसिंग आलीच तर पंप आणि त्याचा व्हॉल्व्ह तूर्त बाजूला ठेवा.

पण खरं सांगू का, मला तुमच्या कूलंटच्या त्या एका वाक्यानं शंका आली. बाहेर गळती नाही आणि पाणी कमी होतं म्हणजे ते कुठंतरी आत जातंय. हे सांगा, गाडी कधी गरम झाली होती का, म्हणजे काटा वर गेला होता का? आणि ज्या सकाळी मिसिंग येते त्याच्या आदल्या दिवशी गाडी लांब फिरून आली होती का?

रावेरची_केळी:
हो, मे महिन्यात कन्नड घाटात रेडिएटरचा फॅन बंद पडला होता, काटा लालच्या जवळ गेला, लगेच बाजूला घेऊन बंद केली. चाळीसगावला फॅनची मोटर बदलली, तेव्हापासून काटा मध्यावरच. आदल्या दिवसाचं काही लक्षात घेतलं नव्हतं. आता आठवतंय तर जळगाव किंवा धुळ्याहून रात्री आलो की दुसऱ्या दिवशी त्रास झालेला आहे. गावातल्या गावात फिरली की बहुतेक नाही. उंदीर नाहीत, वायरिंग बघितलं.

भुसावळ_मिस्तरी:
मग हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं झाकण म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग), किंवा हेडलाच बारीक तडा. आपल्याकडच्या मे महिन्यात फॅन गेला आणि वर घाट, हेड जरासं वाकायला तेवढं पुरतं. इंजिन गरम असताना कूलंटमध्ये साधारण १ बारच्या आसपास प्रेशर असतं. गाडी चालू असते तोवर सिलिंडरमधल्या जाळाचा दाब त्याच्या कितीतरी वर, म्हणून पाणी आत फारसं येत नाही, आलं तरी लगेच वाफ होऊन जातं. गाडी बंद केली की सिलिंडरमधला दाब गेला, पण पाण्याचा दाब इंजिन गार होईपर्यंत थोडाफार राहतो आणि केसाएवढ्या फटीतून थेंब थेंब आत झिरपतो. सकाळी प्लग ओला, म्हणून मिसिंग. अर्ध्या मिनिटात ते पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून गेलं की इंजिन सुरळीत. गावात फिरलेल्या दिवशी प्रेशर पूर्ण बनतच नाही, म्हणून रोज होत नाही. तुमच्या गॅरेजवाल्याला दिसलं नाही त्याचं कारण हेच, गरम इंजिनात हे दिसणारच नाही.

खात्री करायची असेल तर अशी करा. लांबून आलात की गाडी चांगली गार होऊ द्या, रेडिएटरचा वरचा जाड रबरी पाइप हातानं दाबता आला आणि कोमट लागला की मगच झाकणावर जाड फडकं टाकून हळूच सैल करा, उरलेलं प्रेशर सोडा, परत घट्ट लावा. गरम असताना झाकणाला हात लावायचा नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं, भाजलेली माणसं बघितली आहेत मी. प्रेशर सोडलेल्या सकाळी गाडी चांगली आणि न सोडलेल्या सकाळी मिसिंग, असं दोन-तीनदा जुळलं तर मला अजून पुरावा नको.

अमळनेर_पेट्रोलहेड:
मिस्तरी, इंजेक्टर टपकत असेल तरी सकाळी प्लग ओला होतो आणि थोड्या वेळात ठीक होतं. सरळ हेडवर कसं जाता?

भुसावळ_मिस्तरी:
बरोबर आहे, म्हणून तर प्लग सकाळी गार इंजिनावर काढायचा. ओला असेल तर वास घ्या. पेट्रोल असेल तर वास लपत नाही, चालू करताना धूर पण काळपट. कूलंट असेल तर बोटाला चिकट लागतं, गोडसर वास, धूर पांढरा. थंडीत सगळ्याच गाड्या सकाळी जरा वाफ सोडतात, त्याला घाबरू नका, पण ही वाफ दाट असते. आणि इंजेक्टर टपकला तर कूलंट कमी का होईल? शिवाय प्लगच्या भोकातून कॅमेरा टाकला तर पाणी येणाऱ्या सिलिंडरचा पिस्टन धुतल्यासारखा स्वच्छ दिसतो, बाकीचे तीन काळे.

निळ्या द्रवाची टेस्ट पण असते, कूलंटमध्ये जळलेला गॅस येत असेल तर ते पिवळं पडतं. पण सुरुवातीच्या बारीक लीकमध्ये ती कधी कधी निळीच राहते, तेवढ्यावर हेड चांगलं आहे म्हणू नका.

आणि एक, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत असाल तर बंद करा. आपल्या भागातल्या बोअरच्या पाण्याला क्षार भरपूर, आत खपली धरते आणि अॅल्युमिनियमचं हेड कुरतडतं. कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं निम्मं.

रावेरची_केळी:
मंडळी, कळवायला उशीर झाला, केळीची कटाई चालू होती. कॉइल अदलाबदल केली, कोड पी०३०३ च राहिला. चावी दोन-तीनदा ऑन करून बघितली, तरी मिसिंग आली. जळगावहून आल्यावर प्रेशर सोडलं, सकाळी पहिल्या सेल्फला शांत. पुढच्या वेळी मुद्दाम सोडलं नाही, सकाळी परत थडथड. परत सोडलं, परत शांत. मग सावद्याला एका ओळखीच्या फिटरकडं कॅमेरा टाकला, पहिला, दुसरा, चौथा काळे आणि तिसऱ्याचा पिस्टन चकचकीत, कडेला हिरवट थेंब पण दिसला. माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून आता शंका नाही. हेड खोलायचं ठरवलं आहे. लेथवाल्याकडं काय काय करून घ्यायला सांगू?

भुसावळ_मिस्तरी:
चांगलं झालं, कॉइल-इंजेक्टरचे पैसे वाचले. हेड आधी पाण्यात बुडवून हवेच्या प्रेशरनं टेस्ट करायला सांगा, तडा असेल तर बुडबुडे येतात, आणि तडा असेल तर फेस मारून (हेडचा खालचा भाग मशीनवर घासून सपाट करून) उपयोग नाही. तडा नसेल तर सरळपट्टी आणि फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) लावून वाक मोजा, ब्लॉकचा वरचा भाग पण तसाच मोजा, तो लोक विसरतात. फेस मारायचा तर लागेल तेवढाच, मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या बाहेर नाही. गॅस्केट ओरिजिनल घ्या. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर नवीनच टाका, टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानंच आवळणारा पाना), मॅन्युअलमधल्या क्रमानं, हातच्या अंदाजानं नाही. हेड निघालंच आहे तर व्हॉल्व्ह सील बघून घ्या, थर्मोस्टॅट आणि रेडिएटरचं झाकण पण नवीन टाका, जास्त खर्च नाही त्याला.

तोवर गाडी लांब नेऊ नका. फट वाढली आणि सिलिंडरमध्ये जास्त पाणी साचलं तर सेल्फ मारल्यावर पिस्टन पाण्यावर आदळतो, पाणी दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग हेडचं काम राहत नाही, पूर्ण इंजिन खोलावं लागतं. दवाखान्यात न्यायचं असेल तर शेजारच्यांची गाडी घ्या तेवढे दिवस.

रावेरची_केळी:
सोमवारी गाडी ओढून नेतो, सेल्फ मारणारच नाही. लेथवाल्याकडून काय रिपोर्ट येतो ते इथंच टाकतो, हेडचे फोटो पण.