नाटकाचं रेकॉर्डिंग पाहिलं म्हणजे नाटक पाहिलं का?

तिसरी_घंटा
परवा एकजण छातीठोकपणे सांगत होता, "'तो मी नव्हेच' आपण दोनदा पाहिलंय." कुठे, तर मोबाइलवर! माझ्या मते त्याने चित्रफीत पाहिली, नाटक नाही. अत्र्यांच्या या नाटकात (1962) फिरता रंगमंच होता आणि नट प्रभाकर पणशीकर पाच रूपांत यायचे. आरोपीच्या पिंजऱ्यातला निपाणीचा लखोबा रंगमंच फिरला की राधेश्याम महाराज होऊन समोर हजर. एवढ्यात कपडे बदलले कधी, याचं नवल थिएटरात बसूनच वाटतं. पडद्यावर काय, कट मारला की कुणीही काहीही होतो. शिवाय शेवटच्या रांगेसाठी लावलेला आवाज कॅमेरा तोंडाशी नेल्यावर आरडाओरडा वाटतो. जुने नट 'लाउड' होते म्हणणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांना रंगमंचावर पाहिलंय?

वैनगंगाकाठ
पुण्या-मुंबईत बसून हे बोलायला काय जातंय! आमच्याकडे पूर्व विदर्भात दिवाळीनंतर झाडीपट्टीची नाटकं लागतात, मांडवात रात्र रात्र बसतो आम्ही. त्यामुळे जिवंत प्रयोग काय असतो ते माहीत आहे. पण दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहातलं नाटक आमच्या गावात कोण आणणार? आणि पु. ल. तर 2000 सालीच गेले. माझा भाचा त्यानंतरचा. 'वाऱ्यावरची वरात'मधली कडवेकर मामी त्याला तोंडपाठ आहे. त्याने काय बघितलं म्हणायचं मग?

तिसरी_घंटा
चित्रफीत. :)

ठेका_दादरा
नाटकाचं राहू द्या, गाण्याचं बोला. बालगंधर्व वन्समोअर घेत 'नाथ हा माझा' किती वेळ आळवायचे याच्या कथा आपण ऐकतो. तबकडीच्या एका बाजूला मावायची जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं. तरी त्या तुकड्यांवर लोक गाणं शिकले. कुमार गंधर्व लहानपणी तबकड्या ऐकून हुबेहूब गायचे, हे तर सर्वश्रुत आहे. आणि रेकॉर्डिंग नसलं की काय होतं तेही बघा. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत संयुक्त 'मानापमान' झालं, दोन वेगळ्या कंपन्यांचे गायक नट केशवराव भोसले आणि बालगंधर्व एकाच प्रयोगात. बाजी कोणी मारली यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. त्या रात्रीचा एक सूर ऐकलेला नाही कुणी!

तिसरी_घंटा
गाणं डोळे मिटून ऐकता येतं, म्हणून ते रेकॉर्डवर तग धरतं. नाटकात समोरचा प्रेक्षक नटाला लागतोच. हशा आला की नट पुढचं वाक्य धरून ठेवतो आणि हशा ओसरायला लागला की टाकतो. अगदी संपू दिला तर प्रयोग पडतो, लवकर टाकलं तर वाक्य बुडतं. ही जागा ठाण्यात वेगळी, सांगलीत वेगळी. स्टुडिओत रिकाम्या खुर्च्यांपुढे ती काय कप्पाळ सापडणार?

प्रॉम्प्टर
मग स्टुडिओला नावं ठेवा, रेकॉर्डिंगला का? लंडनचं नॅशनल थिएटर 2009पासून भरलेल्या प्रयोगात अनेक कॅमेरे लावून नाटकं चित्रित करतं आणि जगभर पडद्यावर दाखवतं. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात बघितलीत मी. प्रेक्षक हसलेला ऐकू येतो, नट त्यासाठी थांबलेला दिसतो. तुम्ही म्हणता ती जागा अगदी जशीच्या तशी. आपल्याकडे बहुतेकदा मधल्या रांगेत एक कॅमेरा आणि त्याच्याच डोक्यावर माइक. संवादांपेक्षा पंख्याची घरघर आणि शेजारच्या काकूंची वेफर्सची पिशवी जास्त ऐकू येते.

वैनगंगाकाठ
आम्हाला पिशवीसकट चालेल. प्रयोग बंद झालेल्या नाटकांचं तरी नीट चित्रण करून तिकीट लावून दाखवा म्हणावं, पैसे भरतो.

तिसरी_घंटा
निर्माता म्हणेल, घरबसल्या दिसायला लागलं तर नाट्यगृहात कोण येईल?

वैनगंगाकाठ
आधी आमच्या गावात नाट्यगृह बांधा. मग आम्ही येत नाही म्हणून तक्रार करा.