पाडवा पहाटेत "भेसळ" नको म्हणणाऱ्यांना एका पेटीवाल्याचं उत्तर

पेटीवाला_पंचवटी:
काल इथल्याच एका सभासदाने लिहिलं की दिवाळीतल्या पहाटेच्या मैफलींत यंदापासून "शुद्ध शास्त्रीय" तेवढंच असावं. अभंग, नाट्यपद, गझल ही सगळी "भेसळ". पत्रिकेवर गाण्याचा प्रकार ठळक छापावा, म्हणजे रसिकांची फसवणूक होणार नाही. त्याखाली पसंतीच्या अंगठ्यांची रांग लागलेली पाहिली आणि रात्री झोप लागली नाही. मी तीस वर्षं पेटीची साथ करतो. गवई आपापल्या खान्यात बसतात, साथीदाराला सगळ्या खान्यांतून हिंडावं लागतं, म्हणून लिहितोय.

भेसळ दुधात पाणी घातलं की होते. नाशकात राहून गाण्याच्या भेसळीबद्दल बोलायचं तर आधी पंचवटीतल्या एका माणसाचा हिशोब द्या. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. दरबारातलं गाणं वर्गात आणलं, त्याला परीक्षा आणि पुस्तकं दिली. तेच पलुस्कर पुढे इथे रामनाम आधार आश्रम उभारून राहिले आणि रामधून गाऊ लागले. कुठल्या खान्यात घालता त्यांना? त्यांचे चिरंजीव द. वि. पलुस्कर १९२१ साली इथेच जन्मले. ते ख्याल, म्हणजे रागाचा विस्तार करणारं शास्त्रीय गाणं, गायले, भजनं गायले आणि १९५२ च्या 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबर सिनेमासाठीही गायले. गळा एकच होता.

आता हे खाने पाडले कुणी? ज्याच्या हातात फॉर्म होता त्याने. रेडिओवर शास्त्रीयची ध्वनिचाचणी वेगळी, सुगमची (भावगीत, गझल वगैरे) वेगळी, लोकसंगीताची वेगळी. त्याच १९५२ साली बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि सिनेमाचं गाणं आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीसं झालं. लोकांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. शेवटी ऑक्टोबर १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. आणि आमची पेटी? १९४० पासून तीसेक वर्षं रेडिओवर तिला बंदी. का, तर ती परदेशी आणि तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही. मैफलीत चालते ती, रेडिओवर चालत नाही. म्हणजे वाद्य तेच, वाजवणारा तोच, दार बदललं की अस्पृश्य.

माझाच अनुभव सांगतो. नाव घेत नाही. एका सकाळी एका गायिकेबरोबर पाऊण तास तोडी राग वाजवला. मध्यंतरानंतर तिच्याचबरोबर चार अभंग. पाकीट हातात आलं तेव्हा कळलं, दुसऱ्या भागाचा दर निम्मा. "सुगमचा रेट वेगळा असतो ना दादा." माझी बोटं मध्यंतरात निम्मी झाली नव्हती.

तंबोरा:
ती पोस्ट माझी नाही, पण अंगठा मी दिला होता आणि तो मागे घेणार नाही.

पेटीवाले, पाकिटाचं वाईट झालं, पण तो आयोजकाचा कोतेपणा आहे, प्रकाराचा दोष नाही. गाण्यात नावं जपावी लागतात. भूप आणि देसकार हे दोन राग घ्या. तेच पाच स्वर. भूप पूर्वांगात, म्हणजे सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात रमतो, देसकार उत्तरांगात, म्हणजे वरच्या अर्ध्यात, धैवतावर उभा राहतो. दोघांना दोन नावं आहेत म्हणून दोन रूपं टिकली. उद्या कुणी म्हणालं की स्वर एकच, खाने कशाला, तर वर्षभरात देसकार मरेल. शिकवायला कठीण तो आधी मरतो. तेच ख्यालाचं.

मागे एका मैफलीत मी दुसऱ्या रांगेत होतो. बाहेरगावच्या बुवांना विलंबितात, म्हणजे संथ लयीच्या ख्यालात, वीस मिनिटं झाली असतील. षड्ज लागला होता, रागाची बढत नुकती मध्यमापाशी आली होती आणि मंचावर चिठ्ठी गेली : "अभंग घ्या, लोक उठतायत." बुवांनी ती वाचली, डोळे मिटले, जलद लयीची द्रुत बंदिश दोन आवर्तनांत संपवली. टाळ्या अभंगाला पडल्या. मी एवढंसं तोंड करून घरी आलो. पत्रिकेवर नुसतं "सुरेल पहाट" छापलं होतं. "ख्यालगायन" छापलं असतं तर ती चिठ्ठी पाठवायची कुणाची हिंमत झाली नसती.

पेटीवाला_पंचवटी:
चिठ्ठीचं मान्य. मी तिथे असतो तर मलाही पेटी मिटावीशी वाटली असती.

पण भूप-देसकार तुमच्या बाजूने साक्ष देत नाहीत सर. संगीतशास्त्रकार भातखंड्यांनी रागांचे दहा थाट, म्हणजे गट, केले. त्यांत भूप गेला कल्याणात आणि देसकार बिलावलात. स्वर तेच पाच, आणि थाट दोन! म्हणजे रूप ओळखलं चलनाने, स्वरांच्या चालीने, गाणाऱ्याच्या गळ्याने. खाना नंतर शोधला. माझं म्हणणं तेवढंच आहे. देसकार हे नाव गाण्यातून आलं. "सुगम" हे नाव कचेरीतून आलं. दोन्ही नावांना एकाच आसनावर बसवू नका.

आणि खालचं-वरचं म्हणाल तर कुमारजींनी (कुमार गंधर्वांनी) माळव्यातल्या बायकांच्या गाण्यांतून राग उचलले, धुनउगम म्हणाले त्यांना. उगम खाली असतो, हे गोदावरीच्या काठावर मी सांगायला नको.

तंबोरा:
गोदावरीचा उगम ब्रह्मगिरीवर आहे. वर.

कुमारजी सगळ्यांनाच हवे असतात वाद घालायला. त्यांनी आधी गुरू देवधरांकडे बसून काय घासलं ते कुणी सांगत नाही. पेटीवाल्यांचा कचेरीचा मुद्दा अर्धा पटतो. अर्धाच.

सिन्नरकर:
तुम्ही दोघं शास्त्रीय-सुगमच्या बांधावरून भांडताय. आमचं शेत कुठल्या गटात लागतं ते कुणी विचारत नाही.

वामनदादा कर्डक आमच्या तालुक्यातले, देशवंडीचे. १९२२ चा जन्म. गावोगाव फिरून आयुष्यभर गात राहिले. त्यांची गाणी तुमच्या कुठल्या याद्यांत बसतात? भावगीत नाही म्हणे, कारण भावगीत मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यातलं. सुगम नाही. मग "लोकगीत". लोकगीत म्हणजे काय हो? कर्ता माहीत नाही ते. आणि दादांच्या शेवटच्या कडव्यात "वामन" अशी नाममुद्रा असते! कर्ता स्वतःचं नाव गाऊन जातो आणि निवेदक माइकवर म्हणतो, "सादर आहे एक पारंपरिक लोकगीत." दोन वर्षांपूर्वी असं झालं तेव्हा माझे वडील प्रेक्षकांतून उठून उभे राहिले. ७८ वर्षांचा माणूस. म्हणाले, "कवीचं नाव घ्या." निवेदक हसला. वडील बसले नाहीत. गाणं संपेपर्यंत उभे होते.

"लोक" हा शिक्का मारला की मानधनही लोकांचं आणि नावही लोकांचं. गाणाऱ्याच्या हाती काय राहतं?

पेटीवाला_पंचवटी:
दादा, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मीसुद्धा वहीत "लोकगीत, काळी चार", म्हणजे प्रकार आणि सुराची पट्टी, एवढंच लिहून ठेवत आलोय. आज बदलतो.

हिशेबनीस_कॉलेजरोड:
गाण्यातलं कळत नाही, पण गाणं कुठल्या खान्यात बसतं यावर पैसे कसे ठरतात ते पक्कं सांगतो. जीएसटीत कलाकाराच्या सादरीकरणाला माफी आहे ती "लोक किंवा शास्त्रीय" संगीत, नृत्य, नाट्य यांनाच. एका कार्यक्रमाचा मोबदला १,५०,००० रुपयांपर्यंत हवा. गझल, भावगीत, सिनेगीत यांचा उल्लेख नाही. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर मुळात नोंदणीच लागत नाही, म्हणून बहुतेक साथीदारांनी घाबरू नये. पण मोठ्या कलाकारांची बिलं करताना "हे उपशास्त्रीय (ठुमरी, दादरा वगैरे) आहे, मग शास्त्रीयात धरायचं का" यावर मी दुपारच्या दुपार घालवल्या आहेत.

ढोल_जुनेनाशिक:
म्हणजे आमचा ढोल लोककला धरली तर माफी?

तंबोरा:
ढोलपथक ही लोककला नाही. मिरवणुकीतला आवाज आहे. इथे तरी तो विषय नको.

ढोल_जुनेनाशिक:
का नको? पार केरळात लग्नाच्या वरातीत "नासिक ढोल" म्हणून वाजवतात, तिथल्या पोरांना नाशिक कुठे आहे हे ठाऊक नसेल पण ढोल ठाऊक आहे. आणि नाशकातलाच शास्त्रीयवाला म्हणतो, आवाज.

तंबोरा:
माझं घर मिरवणुकीच्या वाटेवर आहे. मिरवणूक वाकडी बारवेवरून निघाली की तासाभरात काचा हलायला लागतात. आई अंथरुणाला खिळलेली होती त्या वर्षी मी तिच्या दोन्ही कानांवर हात धरून बसलो होतो. चार तास. तिला धड रडताही येत नव्हतं. लोककला म्हणून मला शिकवू नका.

ढोल_जुनेनाशिक:
आईंचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण चार तास भिंती हलवतो तो डीजे असतो. त्याची शिक्षा आम्हाला का? आम्ही दीड महिना आधीपासून सराव करतो. ताशाने तर्री, म्हणजे सलग जलद वाजवणं, धरली की चाळीस टिपरू एका वेळी पडायला हवेत, एक मागे राहिलं तर आमचा प्रमुख सगळ्यांना थांबवतो. ठेका, उठाण, तोड, सगळं तोंडी शिकवतो. आमच्यात वही नसते म्हणून ते शिक्षण नाही का? माझ्या वडिलांच्या ढोलाला चामड्याचं पान होतं. पाऊस आला की ते ढिलं पडायचं, मग शेकोटीवर शेकायचे. आता फायबरचं पान आहे. तुमचे इलेक्ट्रॉनिक तानपुरे आले तेव्हा शास्त्रीय बुडालं नाही, मग आमचा ढोल फायबरने का बुडेल?

सिन्नरकर:
बरोबर बोलला भाऊ.

तंबोरा:
चाळीस जणांनी एका वेळी हात मारणं म्हणजे कवायत. कवायतीला लय असते, तिला संगीत म्हणत नाहीत. आणि शंभर-शंभर ढोल हे माझ्या लहानपणी नव्हते. परंपरेच्या नावाखाली आकडा वाढवलाय. जेवढे ढोल जास्त तेवढी सुपारी मोठी.

ढोल_जुनेनाशिक:
सुपारी? आमच्या पथकात एक पोरगा दिवसा भाजी विकतो, एक मुलगी नर्सिंगला आहे. वाजवण्याचे पैसे घेत नाहीत ते. तुमच्या क्लासची फी किती ते लिहा इथे.

पेटीवाला_पंचवटी:
दोघांनाही हात जोडतो, वैयक्तिक नको. सर, एक विचारतो. ख्यालातली तिहाई, म्हणजे तीनदा घेतलेला तुकडा, समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) आली की तुम्ही वाहवा म्हणता. ताशाची तिहाई आली तर कवायत?

सुरगाण्याची_लेक:
मी क्वचित लिहिते. आमच्याकडे बोहाडा होतो. देवांचे मुखवटे घालून सोंगं निघतात, संबळ-पिपाणी वाजते, रात्र रात्र चालतं. ते नाटक आहे, नाच आहे, गाणं आहे आणि देवाचं कामही आहे. शाळेत शिकवत असताना स्पर्धेचा फॉर्म आला. "नृत्य / नाट्य / गायन, एकावर खूण करा." मी मुलांना घेऊन नृत्यावर खूण केली. तिथे सांगितलं, मुखवटे काढा, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, गुण कापले जातील. सोंगाचा मुखवटा काढला तर उरतं काय? मुलांनी नाही काढला. आम्ही न नाचता एसटीने परत आलो. ढोल लोककला आहे की नाही मला माहीत नाही. पण ठरवणाऱ्याने एकदा तरी रात्रभर जागून पाहिलेलं असावं.

तंबोरा:
ताई, तुमचं वाचून दोन तास काही लिहिलं नाही.

पेटीवाले, तिहाईवर माझ्याकडे उत्तर नाही, हे कबूल करतो. खाने पाडणाऱ्याने आधी ऐकावं, हेही कबूल. पण म्हणून नावच नको, हे मला जन्मात पटणार नाही. "सुरेल पहाट" छापणारा माणूस माझ्या मते ख्यालाचा मारेकरी आहे.

पेटीवाला_पंचवटी:
नाव नको असं मी म्हणतच नाही. प्रकार छापू नका, जे होणार ते छापा. "राग तोडी, विलंबित आणि द्रुत ख्याल. नंतर तुकारामांचे तीन अभंग. साथीला अमुक-तमुक." त्यात वरचं कोण, खालचं कोण ते शोधायचं काम उरत नाही, आणि पाकिटंही दोन करावी लागत नाहीत.

तंबोरा:
वेळही छापा. "ख्याल : ५० मिनिटं." आणि खाली एक ओळ, मंचावर चिठ्ठ्या पाठवू नयेत. एवढं असेल तर "शुद्ध शास्त्रीय" या शब्दाचा आग्रह सोडतो. नाखुशीने.

सिन्नरकर:
आणि प्रत्येक गाण्यापुढे कवीचं नाव.

तंबोरा:
तेही. तुमच्या वडिलांना सांगा. ढोलाबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही.

ढोल_जुनेनाशिक:
रविवारी संध्याकाळी सराव असतो. ढोलांपासून लांब, ताशाशेजारी उभं राहून अर्धा तास ऐका सर. मत त्यानंतर सांगा.