बिल्डरने चेक पुढे केले तरी आधी करार रद्द करू नका

मोरे काका (बी-२०१): सर्वांना नमस्कार. नेरळच्या फ्लॅटबद्दल विचारायचं होतं. आपल्यातल्या आणखी काही घरांनी तिथे बुकिंग केलंय म्हणून सोसायटीच्या या ग्रुपवरच लिहितो. करारनाम्यात ताब्याची तारीख डिसेंबर २०२२ होती, इमारत अजून तिसऱ्या स्लॅबवरच आहे. काल बिल्डरच्या ऑफिसात बोलावलं होतं. म्हणाले, करार रद्द करून द्या, मूळ रक्कम पुढच्या तारखांच्या चेकने देतो, व्याज मागू नका. बुधवारी रद्दलेख रजिस्टर करायचा म्हणतात. हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे, पैशांची गरज आहे. काय करावं?

निखिल (सी-१०२): काका, मूळ रक्कम मिळत असेल तर घेऊन मोकळे व्हा. माझ्या मामांच्या बाजूने महारेराचा (बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा) निकाल लागला, पण पैसे अजून हातात नाहीत.

मेधा (ए-३०४): काका, बुधवारी सही करू नका. आमच्या ऑफिसात अशी प्रकरणं नेहमी येतात. रद्दलेख रजिस्टर झाला की बिल्डर तोच फ्लॅट दुसऱ्याला विकायला मोकळा. चेक वटला नाही तर तुमच्या हातात उरतो कलम १३८ चा, म्हणजे चेक न वटल्याचा खटला. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, मग त्याला १५ दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात कोर्टात तक्रार, आणि पुढे तारखा. आज तुमच्याकडे नोंदणीकृत करार आहे. पैसे येईपर्यंत तो सोडू नका.

मोरे काका (बी-२०१): पण ते म्हणतात रेराने प्रकल्पाला मुदतवाढ दिलीय, त्यामुळे उशीर धरलाच जात नाही.

मेधा (ए-३०४): तसं नाही. मुदतवाढ प्रकल्पाच्या नोंदणीला मिळते, तुमच्या करारातली तारीख त्याने बदलत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्येच हे सांगितलंय. रेरा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे तारीख उलटली की निवड तुमची: प्रकल्पात राहायचं असेल तर ताब्यापर्यंत दरमहा व्याज, बाहेर पडायचं असेल तर पूर्ण रक्कम व्याजासह परत. परताव्याचा हा हक्क बिनशर्त आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२१ मध्ये स्पष्ट केलं. महाराष्ट्रात व्याजाचा दर स्टेट बँकेचा सर्वोच्च एमसीएलआर (बँकेच्या कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के. म्हणजे बिनव्याजी मुद्दल देऊन ते तुमच्यावर उपकार करत नाहीत, तुमच्या हक्काचा मोठा भाग कापून घेतायत.

देशपांडे काकू (ए-१०१): मेधा, आमचाही तिथेच आहे, पण आम्ही राहायला नव्हता घेतला. ताब्यापर्यंत दरमहा भाडं देऊ आणि नंतर हवं तर परत विकत घेऊ, असं वेगळ्या कागदावर लिहून दिलं होतं. आता म्हणतात, तुम्ही गुंतवणूकदार, तुम्हाला रेरा लागू नाही.

मेधा (ए-३०४): काकू, रेरातल्या ‘अलॉटी’च्या, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याच्या व्याख्येत राहायला घेतला की गुंतवणुकीला, असा भेद नाही. करार रजिस्टर असेल तर तक्रार करा. पण तो वेगळा कागद जपून वापरायला हवा. परत विकत घेण्याच्या बोलीवर पैसे टाकणाऱ्याला सट्टेबाज गुंतवणूकदार ठरवून दिवाळखोरी कायद्याखाली अर्ज करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये म्हटलंय. ग्राहक आयोगातही ‘व्यापारी हेतू’ची हरकत आधी येते. म्हणून तुमचा दावा फ्लॅट, करारनामा आणि हुकलेली ताब्याची तारीख यांवरच उभा करू. कागद मला एकटीला पाठवा, ग्रुपवर नको.

निखिल (सी-१०२): ठीक, पण ऑर्डर मिळाल्यावर वसुलीचं काय? मामांचं घोडं तिथेच अडलंय.

साळवी भाऊ (बी-५०३): निखिल, याचं उत्तर मी देतो. माझी सगळी नोकरी तहसील कचेरीतच झाली. ऑर्डर पाळली नाही की महारेराकडे पुन्हा अर्ज करायचा. मग कलम ४०(१) खाली वसुली वॉरंट निघतं आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसीलदार जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात: आधी नोटीस, मग जप्ती, मग लिलाव. गाडी अडते ती इथे, की बिल्डरची मालमत्ता कोणती आणि कुठे, हे वॉरंटासोबत कोणी सांगतच नाही. नोंदलेल्या पत्त्यावर एक खोली निघते, तीही भाड्याची. फाईल तशीच पडते. कचेरीतल्या माणसाकडे निवडणूक, पंचनामे, दाखले सगळंच असतं. तो तुमच्यासाठी सात-बारे शोधत बसणार नाही.

हे काम आपण करायचं. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचं पान उघडा, न विकलेले फ्लॅट आणि प्रकल्पाचं बँक खातं तिथे दिसतं. भागीदारांचे इतर प्रकल्प बघा. जमिनींचे सात-बारा काढा आणि त्यावरच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कुणाचा बोजा, म्हणजे येणं असल्याची नोंद, आधीच आहे का ते पाहा. बँकेचा असेल तर दुसरी मिळकत शोधा. ही यादी उताऱ्यांसकट द्या आणि इतर हक्कात आपल्या रकमेचा बोजा चढवून घ्या. बोजा दिसला की पुढचा घेणारा बिचकतो, आणि बिल्डर स्वतःहून फोन करतो. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नेरळची मिळकत म्हणजे कर्जत तालुका, वॉरंट अलिबागला, रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाणार. मुंबईत मिळकत सापडली तर तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांकडे मागा.

निखिल (सी-१०२): हे मामांना कोणीच सांगितलं नव्हतं भाऊ. आजच कळवतो.

सेक्रेटरी: बिल्डर अपिलात गेला तर?

मेधा (ए-३०४): अपील ऐकलं जाण्याआधी त्याला व्याजासकट सगळी रक्कम अपिलीय न्यायाधिकरणात भरावी लागते, कलम ४३(५). आणि कंपनी दिवाळखोरीत गेलीच तर वसुली थांबते. तेव्हा मुदतीत दावा दाखल करायचा. रेराची ऑर्डर हातात आहे म्हणून घर घेणाऱ्याचा दर्जा जात नाही, हे २०२३ मध्ये ठरलंय.

मोरे काका (बी-२०१): म्हणजे तडजोड करूच नको?

मेधा (ए-३०४): करा काका, ऑपरेशन थांबवायला मी सांगणार नाही. फक्त क्रम बदला. आधी तक्रार दाखल करा, फी ५ हजार रुपये. मग तडजोडीच्या अटी लिहून महारेरासमोर ठेवा, त्यावर ऑर्डर घ्या. पहिला हप्ता मोठा आणि डीडीने, आणि रद्दलेख शेवटचा हप्ता खात्यात जमा झाल्यावरच. चेक वटला नाही तर त्याच ऑर्डरवर वॉरंट मागता येतं. मुद्रांक शुल्क आणि जीएसटीच्या परताव्यालाही मुदती असतात, रद्दलेखाची तारीख त्या बघून ठरवू.

सेक्रेटरी: नेरळमध्ये बुकिंग असलेल्या सगळ्यांनी शनिवारी सकाळी ११ वाजता सोसायटी ऑफिसात यावं. करारनामा, पावत्या, बँक स्टेटमेंट आणि बिल्डरची पत्रं सोबत आणा.

साळवी भाऊ (बी-५०३): जमिनीचा गट नंबर करारनाम्याच्या शेवटी परिशिष्टात असतो. मोरेसाहेब, तो मला आजच पाठवा. शनिवारच्या आत सात-बारा काढून ठेवतो.