'धर्म करता कर्म उभे राहते' : अर्थ आणि वापर

प्रश्न : शालेय पुस्तकांतल्या म्हणींच्या यादीत हिचा अर्थ साधारण 'चांगली गोष्ट करताना नको ती निष्पत्ती होणे' असा असतो. मग 'करायला गेलो गणपती, झाला मारुती' हीसुद्धा तेच सांगते ना? एकीच्या जागी दुसरी चालेल का? आणि इथला 'करता' म्हणजे 'साठी' का?

उत्तर : आधी 'करता'. हे 'करणे'चे रूप आहे, 'बोलता बोलता' किंवा 'येता-जाता' यांतल्यासारखे. 'साठी' या अर्थाचे 'करिता' नामाला जोडून येते आणि सामान्यरूप मागते : धर्माकरिता. इथे 'धर्म' तसाच उभा आहे, तेव्हा तो अर्थ लागतच नाही.

'धर्म' म्हणजे दानधर्म, परोपकार. दारावरचा याचक 'धर्म करा माय' म्हणतो, तो. 'कर्म' मात्र 'कर्म माझं!' म्हणत कपाळावर हात मारतो त्यातले, म्हणजे भोग, आणि तोही धर्म करणाऱ्याच्याच वाट्याला आलेला. 'धर्मकर्म' या जोडशब्दात दोन्ही मिळून धार्मिक आचार होतात. तो अर्थ डोक्यात ठेवून वाचले की म्हण कळत नाही. 'उभे राहणे' हे संकट किंवा खर्च उभा राहण्यासारखे : आधी नव्हते ते दत्त म्हणून समोर येणे.

चपखल नमुना जामिनाचा. मित्राच्या अडचणीला धावून पतपेढीच्या कर्जाला सही केली, त्याने हप्ते थकवले आणि वसुलीची नोटीस जामीनदाराच्या दारात. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' हे सहसा चालत नाही. इथे ही म्हण अगदी शब्दशः लागू.

गणपती-मारुतीचे वेगळे. तिचे संस्कृत भावंड 'विनायकं प्रकुर्वाणो रचयामास वानरम्'. तिथे फसते ते काम किंवा बेत. हेतू परोपकाराचा असायलाच हवा असे नाही आणि कुणाच्या मानगुटीवर काही बसत नाही. पुरणपोळी करायला घेतली, पुरण सैल राहिले, पोळ्या तव्यावर फुटल्या आणि शेवटी ताटात गोड लगदा आला : गणपतीचा मारुती झाला. 'धर्म करता कर्म' इथे हास्यास्पद वाटेल. उलट, जामीनदाराला 'झाला मारुती' म्हणणे म्हणजे त्याच्या जखमेवर मीठ.

हरकत : भोग करणाऱ्यालाच यायला हवा, हा दंडक कशावरून? बांगलादेशातल्या कूपनलिका घ्या. तळ्याचे गढूळ पाणी पिऊन पोरे हगवणीने दगावत, म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफच्या मदतीने गावोगाव हातपंप बसले. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडले. ते जमिनीतल्या गाळातलेच, बाहेरून कुणी टाकलेले नव्हे. पुढे तपासणी करून धोक्याच्या पंपांना लाल आणि बऱ्या पंपांना हिरवा रंग देण्यात आला. तहानलेल्याला पाणी देण्यापेक्षा मोठा धर्म कोणता? आणि भोगले पिणाऱ्यांनी. यादीतली 'नको ती निष्पत्ती' याला व्यवस्थित लागू पडते.

त्यावर : यादीतला अर्थ ढोबळ आहे. बोलण्यात ही म्हण बहुतेक वेळा ज्याच्या अंगावर आले तोच वापरतो, किंवा त्याची कड घेणारा. म्हणून तिच्यात 'बिचाऱ्याचा काय दोष' असा सूर आपोआप येतो, आणि धोका तिथेच आहे. कबुतरांना दाणे घालणारा पुण्य जोडतो; विष्ठा-पिसांच्या धुळीने फुप्फुसांचा त्रास होऊ शकतो तो शेजाऱ्याला. दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये वाद पेटला तो याच मुद्द्यावर. तिथे दाणे घालणाऱ्याने 'धर्म करता कर्म' म्हणणे लबाडीचे होईल. कूपनलिकांबाबत मी अर्धा मान्य : पाणी देणाऱ्यांच्या नावाला बट्टा लागला, तेवढ्यापुरती म्हण बसते. पिणाऱ्यांच्या हालासाठी ती वापरू नये. तिथे सरळ 'उपाय रोगापेक्षा भयंकर ठरला' म्हणावे.

निष्काळजीपणालाही ही म्हण पांघरूण म्हणून नको. मुदत न बघता औषधे वाटली आणि लोक आजारी पडले, तर तो हलगर्जीपणा. धर्म नीट केलेला हवा आणि कर्म त्यातूनच उगवलेले हवे. देवळातून परतताना पाय मोडला, हा नुसता योगायोग.

पुरवणी : अपघातातल्या जखमीला दवाखान्यात नेले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही भीती म्हणजे याच म्हणीचा धसका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आले ते त्यासाठीच : सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्या मदतीवरून दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती नाही.

आणखी दोन शेजारणी लोक हिच्याशी गल्लत करतात. 'हात दाखवून अवलक्षण' : गरज नसताना स्वतःहून ओढवून घेतलेले, त्यात परोपकार नाही. 'उपकाराची फेड अपकाराने' : समोरच्याने जाणूनबुजून केलेले. ज्याला जामीन राहिलो त्या मित्राने पैसे असूनही हप्ते बुडवले, तर कर्जदाराबद्दल बोलताना ही, जामीनदाराबद्दल बोलताना 'धर्म करता कर्म'.

नरकाची वाट सदिच्छांनी फरसबंद असते, या इंग्रजी म्हणीचे भाषांतर म्हणूनही हिला उभी करतात. ते निम्मेच जमते, कारण तिचा आणखी एक अर्थ आहे : नुसत्या इच्छा, हातून काही न होणे. त्या अर्थाला आपल्याकडे 'बोलाचीच कढी, बोलाचाच भात' जवळची.

वाक्यात वापरताना म्हण अख्खी ठेवायलाच हवी असे नाही. 'धर्म करायला गेलो आणि कर्म उभं राहिलं' हे बोलीत जास्त सहज येते. फक्त 'कर्म' नपुंसकलिंगी, तेव्हा 'उभा राहिला' नको.