मदत हवी आहे: एसएसडीच्या त्रुटींच्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

नमस्कार. माझ्या टीएलसी एसएसडीच्या (फ्लॅश मेमरीच्या ड्राइव्हच्या) स्मार्ट अहवालात, म्हणजे ड्राइव्हने स्वतःच्या स्थितीबद्दल ठेवलेल्या नोंदीत, दुरुस्त झालेल्या त्रुटींचा आकडा सतत वाढतो आहे. दुरुस्त न झालेल्या त्रुटींपुढे मात्र अजून शून्यच आहे. टीएलसीप्रमाणे एका सेलमध्ये (विद्युतभार धरून ठेवणाऱ्या सूक्ष्म घटकात) तीन बिट साठवायचे म्हणजे विद्युतभाराच्या आठ पातळ्या ओळखाव्या लागतात, त्यामुळे काही बिट चुकीचे वाचले जाणारच आणि कंट्रोलर (ड्राइव्हमधील नियंत्रक चिप) ते निस्तरणार, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही.

अडचण पुढे आहे. जेडेक या मेमरी व चिप उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार सामान्य वापराच्या एसएसडीत दर १०^१५ बिटांमागे, म्हणजे सुमारे १२५ टेराबाइटमागे, दुरुस्त न होणारी त्रुटी एकाहून अधिक नसावी. परंतु गूगलच्या डेटा सेंटरमधील ड्राइव्हच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, कच्च्या, म्हणजे दुरुस्तीपूर्वीच्या, त्रुटींच्या दरावरून अशा त्रुटींचा अंदाज बांधता येत नाही, असे आढळले होते. मग लक्ष नेमके कशावर ठेवावे? बाद झालेल्या ब्लॉकांची (ड्राइव्हने वापरातून काढलेल्या सेलगटांची) संख्या अधिक भरवशाची मानावी का?

दुसरा प्रश्न बॅकअपच्या एसएसडीचा आहे, जी बहुतेक काळ बंदच असते. त्याच मानकात, लेखनक्षमता पूर्ण वापरून झालेल्या ड्राइव्हने ३० अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष डेटा टिकवावा, अशी अपेक्षा आहे. अधूनमधून ती नुसती जोडून ठेवणे पुरेसे आहे, की सर्व फाइली वाचून चेकसम (फाइल बदलली आहे का हे दाखवणारा आकडा) पडताळणे किंवा डेटा नव्याने लिहिणेच योग्य? कंट्रोलर आणि फर्मवेअरची (त्यावर चालणाऱ्या अंतर्गत सॉफ्टवेअरची) माहिती असलेल्यांनी कृपया कारणांसह सांगावे.